रात्रीची सही आणि भिवंडीची नोंद

२५ जून १९७५. रात्री सव्वाअकराच्या सुमारास राष्ट्रपतींचे सचिव के. बालचंद्रन यांना राष्ट्रपती भवनातून बोलावणे आले. फक्रुद्दीन अली अहमद यांनी त्यांना एक पत्र दाखवले. पत्र पंतप्रधानांचे होते, त्याच दिवसाच्या तारखेचे आणि अतिगोपनीय. अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका निर्माण झाला आहे, तेव्हा आणीबाणी जाहीर करावी, असा त्याचा आशय होता. हा विषय मंत्रिमंडळापुढे न्यायला हवा होता, पण आज रात्री ते शक्य नाही. म्हणून कामकाज नियमावलीतल्या बाराव्या नियमाचा आधार घेऊन तो टप्पा वगळत आहे, मंत्रिमंडळाला सकाळी सांगेन, असेही त्यात लिहिले होते.

बालचंद्रन यांनी अडचण बोलून दाखवली. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे असते, नुसते स्वतःच्या खात्रीवर अशी उद्घोषणा काढणे घटनेत बसत नाही, असे त्यांनी सांगितले. घटनेतली कलमे पाहून येतो म्हणून ते बाहेर पडले आणि दहाएक मिनिटांत परतले. तोवर पंतप्रधानांच्या कार्यालयातले आर. के. धवन मसुदा घेऊन येऊन गेले होते. सही झाली होती.

मंत्रिमंडळ सकाळी सहाला जमले. तोपर्यंत दिल्लीच्या बहादूरशहा जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीज तोडलेली होती, आणि जयप्रकाश नारायण अटकेत होते. बैठकीत मंत्र्यांना विचारण्यासारखे काही उरलेलेच नव्हते. झालेल्या गोष्टीला त्यांनी मान डोलावली.

त्या दहा मिनिटांत काय घडले ते आज आपल्याला कळते, कारण बालचंद्रन यांनी ते पुढे न्या. जे. सी. शहा यांच्या आयोगापुढे साक्षीत सांगितले. हा आयोग मे १९७७ मध्ये नेमला गेला आणि १९७८ साली त्याचे तीन अहवाल आले. तो ज्या कायद्याखाली नेमला तो १९५२ चा चौकशी आयोग कायदा. दिसायला अगदी साधा कायदा आहे. सरकारला सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीची चौकशी करावीशी वाटली तर त्याने आयोग नेमावा, आयोगाने साक्षीपुरावे घ्यावेत आणि अहवाल द्यावा. शिक्षा देण्याचा अधिकार नाही, निकाल देण्याचा नाही. १९५८ साली दालमिया उद्योगांवरच्या न्या. तेंडुलकर आयोगाला आव्हान दिले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले होते : आयोग शोध घेतो आणि आपले मत नोंदवतो, ते मत अंमलात आणण्याची ताकद त्याच्याकडे नसते.

एवढ्या दुबळ्या साधनाने सत्तेला आवर कसा घालायचा, असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडायचा. त्याचे उत्तर मला दिल्लीतल्या कागदांत सापडले नाही. ते भिवंडीच्या कागदांत सापडले.

भिवंडीशी या कायद्याची गाठ पडली ती आणीबाणीच्या पाच वर्षे आधी. कामवारी नदीच्या काठचे हे गाव. मूळचे कोकणी मुसलमान, उत्तरेतून स्थलांतर करून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, बाजारपेठेतले हिंदू व्यापारी, आणि भोवती आगरी-कुणब्यांची गावे. हातमाग मागे पडले आणि यंत्रमाग आले, तसे गाव फुगत गेले. निजामपुऱ्याच्या बाजूने चालत गेलात तर आजही कितीतरी घरांच्या तळमजल्यावर माग दिसतील : पत्र्याचे छप्पर, भिंतीला टेकवलेले बीम, कोपऱ्यात कांड्यांची पाटी, आणि बोललेले ऐकू येऊ नये इतका धोट्यांचा आवाज. या आवाजात लहान मुले गाढ झोपतात. वीज गेली, माग थांबले, की जागी होतात.

७ मे १९७० ला वैशाख शुद्ध द्वितीया होती, तिथीप्रमाणे शिवजयंती. मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, मशिदीसमोरचा गुलाल यांवरून आधीची काही वर्षे शहरात ताण साचत आला होता. शांतता समितीच्या बैठका झाल्या होत्या, आश्वासने दिली-घेतली गेली होती. त्या दिवशी आसपासच्या गावांतून हजारो माणसे मिरवणुकीला आली. पुष्कळांच्या हातात झेंडे लावलेल्या लाठ्या होत्या. दगडफेक झाली आणि शहर पेटले. जाळपोळ खोणी, नागाव अशा शेजारच्या गावांपर्यंत गेली. त्याच दिवशी महाडमध्ये आणि दुसऱ्या दिवशी जळगावात दंगल झाली. माणसे मारली गेली, घरे जळाली, कितीतरी माग राख झाले. सूत जळाल्याचा वास एकदा नाकात बसला की लवकर जात नाही, हे कापडाच्या धंद्यातल्या कुणालाही विचारावे.

वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांच्या सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायाधीश दिनशा पिरोशा मादन यांचा एकसदस्य आयोग नेमला. भिवंडी, जळगाव आणि महाड अशी तिन्ही ठिकाणे त्याच्या कक्षेत होती.

आयोग कामाला लागला तेव्हा दंगलीची एक हकिकत आधीच लिहून होत आली होती. ती पोलिसांची. गुन्ह्यांच्या तपासासाठी विशेष तपास पथक नेमले होते. त्या पथकाने जबाब घेतले, अटका केल्या, आरोपपत्रे तयार केली. कुठल्याही दंगलीनंतर असेच होते. ठाण्यात बसलेला अंमलदार लिहितो, खाली सही किंवा अंगठा घेतो, आणि तो कागद कोर्टात जातो. ज्याचे घर जळाले त्याला आपल्या जबाबात काय लिहिले आहे हे वाचताही येत नाही अनेकदा. पुढे वीस वर्षांनी कुणी त्या दंगलीचा इतिहास लिहायला बसला, तर त्याच्या हाती तेच कागद असणार.

मादन यांनी त्या कागदांना दुसरी बाजू दिली. प्रतिज्ञापत्रे मागवली. वेगवेगळ्या संघटनांना आणि पोलिसांना वकिलांमार्फत बाजू मांडू दिली. साक्षीदारांची उलटतपासणी झाली, पोलिस अधिकाऱ्यांचीसुद्धा. गणवेशातला माणूस पिंजऱ्याबाहेर उभा राहून दुसऱ्यांविषयी सांगतो, हे आपण नेहमी पाहतो. इथे त्यालाच विचारले गेले की अमुक तक्रार नोंदवली का नाही, तमुक नाव यादीत आले कसे, या दोन जबाबांतली वाक्ये शब्दशः सारखी का. काम वर्षानुवर्षे चालले. अहवाल आला तो सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, अनेक खंडांचा.

त्या अहवालाने मिरवणुकीमागच्या तयारीची चिकित्सा केली, प्रशासनाच्या ढिलाईवर बोट ठेवले, आणि विशेष तपास पथकाबद्दल जे म्हटले ते तर फारच कठोर होते. पथकाने निःपक्षपातीपणे तपास केला नाही. एका समाजाच्या लोकांना गुंतवण्याचा आणि दुसऱ्या समाजाच्या लोकांना सोडवण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला, अशा अर्थाचा निष्कर्ष एका न्यायाधीशाने सरकारच्या स्वतःच्या पोलिसांबद्दल, सरकारनेच नेमलेल्या आयोगात लिहून ठेवला.

मला या अहवालातली ही एक गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. सत्तेने काय केले याची हकिकत लिहिण्याचे काम सत्तेकडेच राहिले, तर कुठलेही कलम कामाला येत नाही. तुरुंग, पोलिस, तिजोरी तिच्याच हातात असतात. निदान लेखणी तरी दुसऱ्या हातात असावी.

त्या लेखणीलाही सरकारचे दार बंद होऊ शकत होते. अहवाल आला आणि कपाटात गेला, तर? १९७१ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली : सहा महिन्यांच्या आत अहवाल, त्यावर काय कारवाई केली याच्या निवेदनासह, सभागृहापुढे ठेवलाच पाहिजे. ज्याच्या नावलौकिकाला आयोगाच्या कामाने धक्का बसू शकतो त्याला बाजू मांडण्याची संधी देण्याचेही बंधन त्याच दुरुस्तीने आले. मादन आयोगाचे काम चालू असतानाच हा बदल झाला. सरकारने अहवाल मानावा असे त्यात नव्हते. पण लपवता येणार नाही, एवढे झाले.

आता पुन्हा १९७५. २७ जूनला राष्ट्रपतींच्या नावाने आणखी एक आदेश निघाला. घटनेचे १४, २१ आणि २२ हे अनुच्छेद अंमलात आणून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याचा नागरिकाचा हक्क स्थगित झाला. संसदेने अडतिसावी घटनादुरुस्ती करून आणीबाणीबाबत राष्ट्रपतींची खात्री हीच अंतिम ठरवली. तिला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. राष्ट्रपती म्हणजे इथे अर्थातच राष्ट्रपतींच्या सहीआडचे सरकार. आपल्या घटनेत हा गुंता मुळापासून आहे. कागदावर अफाट अधिकार एका माणसाच्या नावाने आहेत आणि तो माणूस ते स्वतःच्या मनाने वापरत नाही. त्यामुळे सही करणारा म्हणतो सल्ला दिला, म्हणून केली. सल्ला देणारे म्हणतात सही राष्ट्रपतींची आहे. जबाबदारी धरायला गेले की हात रिकामाच राहतो.

मुंबईतले काही वकील आणि निवृत्त न्यायाधीश १८ ऑक्टोबर १९७५ ला जिना हॉलमध्ये बंद दाराआड कायद्याच्या राज्यावर चर्चा करणार होते. एम. सी. छागला आणि जे. सी. शहा बोलणार होते. पोलिस आयुक्तांनी परवानगी नाकारली. नरेंद्र नथवानी उच्च न्यायालयात गेले, आणि मुख्य न्यायमूर्ती कांटावाला व न्या. वि. द. तुळजापूरकर यांनी पोलिसांचा हुकूम रद्द केला. चार भिंतींआड शांतपणे घटनेबद्दल बोलण्याचीही परवानगी लागते, ही गोष्टच तुळजापूरकरांना सहन झाली नाही, हे त्या निकालातून कळते.

मग आले मिनू मसानी यांचे प्रकरण. ‘फ्रीडम फर्स्ट’ हे त्यांचे छोटेसे मासिक. ऑगस्ट १९७५ च्या अंकाचा मजकूर सेन्सॉरकडे गेला आणि त्यातल्या अकरा मजकुरांवर काट बसली. सेन्सॉर होते बिनोद राव. न्या. आर. पी. भट यांनी मसानींच्या बाजूने निकाल दिला, सरकार अपिलात गेले, आणि १० फेब्रुवारी १९७६ ला खंडपीठाचा निकाल लागला. खंडपीठावर होते न्या. म. ह. कानिया आणि न्या. दि. पि. मादन.

तेच मादन. भिवंडीच्या पोलिसांचे जबाब ओळ न् ओळ तपासणारे.

त्यांच्यासमोर राष्ट्रपतींचा आदेश होता, आणि तो बाजूला सारण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. मूलभूत हक्क स्थगित आहेत हे ते धरूनच चालले. पण सेन्सॉरला अधिकार दिला आहे तो काही नियमांनी, काही उद्देशांसाठी. त्या उद्देशांच्या बाहेर जाऊन त्याने कात्री चालवली तर ती कृती आणीबाणीतही बेकायदाच. सरकारवर टीका करणे म्हणजे शांतता भंग करणे नव्हे. साऱ्या वर्तमानपत्रांना एकाच सुरात बोलायला लावणे, जनमत एकाच साच्यात ओतणे हे सेन्सॉरचे काम नाही, असे त्यांनी बजावले.

हा युक्तिवाद सावकाश समजून घेण्यासारखा आहे. नागरिकाचा हक्क गोठला म्हणून अधिकाऱ्याचे कर्तव्य गोठत नाही. तुम्ही माझ्या हातून दाराची किल्ली काढून घेतलीत, ठीक. पण त्यामुळे तुम्हाला माझ्या घरात शिरण्याचा परवाना मिळत नाही. भिवंडीत मादन यांनी पोलिसाला हाच प्रश्न विचारला होता : हा अधिकार तुला कशासाठी दिला होता?

दिल्लीत त्या वेळी याहून मोठा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. विनाचौकशी डांबलेल्या माणसाला निदान आपली अटक कायद्यानुसार झाली की नाही हे तपासून मागता येते, असे देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. त्यांत आपले नागपूर खंडपीठही होते. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, एखाद्या पोलिसाने निव्वळ वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारले तरी दाद नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर मिळाले. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला. चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे उरले खन्ना. तो निकाल पुरता पुसला गेला ऑगस्ट २०१७ मध्ये, आणि पुसणाऱ्यांत चंद्रचूडांचे पुत्र धनंजय होते.

मुंबईच्या न्यायाधीशांनी त्या काळात जे लिहिले त्याची किंमत काहींनी मोजली. देशभरात सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. मुंबईतले अतिरिक्त न्यायाधीश उ. रं. लळित यांनी विद्यार्थ्यांना जामीन दिला होता. त्यांना कायम केले गेले नाही. ते वकिलीकडे परतले.

आणीबाणी उठली, जनता सरकार आले आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने बरेच काही बदलले. ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द गेले, ‘सशस्त्र बंड’ आले. राष्ट्रपतींची खात्री अंतिम मानणारे कलम काढून टाकले. दोन्ही सभागृहांनी महिन्याभरात विशेष बहुमताने मान्यता दिली पाहिजे, दर सहा महिन्यांनी पुन्हा दिली पाहिजे, आणि लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी मागणी केली तर आणीबाणी उठवण्यावर बैठक बोलावली पाहिजे. जगण्याचा हक्क देणारा एकविसावा अनुच्छेद कोणत्याही आणीबाणीत स्थगित होणार नाही. राष्ट्रपतींना सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येईल. बालचंद्रन बाहेर गेले त्या दहा मिनिटांसाठी जणू घटनेनेच जागा केली.

या सगळ्यांत माझी नजर एका शब्दावर थांबते. केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना *लेखी* कळवल्याशिवाय उद्घोषणा काढता येणार नाही, असे आता अनुच्छेद ३५२ सांगतो. मंत्रिमंडळाचा, एकट्या पंतप्रधानांचा नाही. बाराव्या नियमाची वाट आणीबाणीपुरती बुजवली ती त्या एका शब्दाने. आणि तो शब्द घटनेत आला त्याआधी शहा आयोगापुढच्या साक्षींनी त्या रात्रीचा प्रत्येक टप्पा देशापुढे आणलेला होता. अमेरिकेत त्याच्या थोडे आधी, जुलै १९७४ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना त्यांच्या कार्यालयातल्या ध्वनिफिती हवाली करायला लावल्या होत्या. पंधरवड्यात त्यांनी राजीनामा दिला. तिथेही सत्तेला अडवले ते नोंदीनेच, फक्त ती नोंद त्यांच्या स्वतःच्या यंत्राने केलेली होती.

इथपर्यंत मादन यांची गोष्ट सरळ जाते. पुढे ती वळते, आणि ते वळण टाळून लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मुंबईचे मुख्य न्यायमूर्तिपद भूषवून मादन सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ जुलै १९८५ ला तुलसीराम पटेल खटल्याचा निकाल आला आणि बहुमताचा निकाल त्यांनी लिहिला. प्रश्न राष्ट्रपतींच्या ‘मर्जी’चा होता. केंद्राचा सरकारी नोकर राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो, असे घटना म्हणते. आणि चौकशीशिवाय त्याला काढता येणार नाही, असेही म्हणते. मात्र तीन अपवाद देते. रेल्वे कर्मचारी, बोकारोच्या औद्योगिक सुरक्षा दलातले जवान, मध्य प्रदेशातले पोलिस अशा अनेकांना या अपवादांखाली चौकशी न करताच बडतर्फ केले होते. मादन यांनी ते वैध ठरवले. न्या. ठक्कर यांनी असहमती नोंदवली.

मला हा निकाल पटत नाही. एका अपवादात, चौकशी करणे शक्य नाही असे अधिकाऱ्याला वाटले, तर त्याने कारणे लिहून ठेवायची आहेत, आणि ती न्यायालय तपासू शकते, हे मादन यांनी नीट सांभाळले. दुसऱ्या अपवादात राज्याच्या सुरक्षिततेसाठी चौकशी इष्ट नाही अशी राष्ट्रपतींची वा राज्यपालांची खात्री झाली की पुरे. कारण लिहायची अटच घटनेत नाही. हा अपवाद घटनाकारांनीच लिहिलेला, न्यायाधीश तरी काय करणार, असे कुणी म्हणेल. पण कागदावर न उतरलेली खात्री काय करू शकते हे भिवंडीचे जबाब वाचलेल्या माणसाइतके कुणाला ठाऊक असणार? सार्वजनिक हित आणि शिस्त यांचे पारडे त्यांना जड वाटले. एप्रिल १९८६ मध्ये, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, त्याच मादन यांनी एका सरकारी कंपनीचा नियम रद्द केला. कायम नोकराला तीन महिन्यांची नोटीस देऊन, कारण न सांगता काढण्याची मुभा त्या नियमाने दिली होती. असा मनमानी अधिकार देणाऱ्या नियमाला त्यांनी इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे नाव दिले. एकाच माणसाच्या हातून नऊ महिन्यांच्या अंतराने हे दोन्ही निकाल आले. माणसाच्या न्यायबुद्धीवर सगळा भार टाकून चालत नाही, घटनेतच ‘लेखी’ असा शब्द असावा लागतो, हे मला त्यातून दिसते.

राष्ट्रपतींचा दुसरा मोठा अधिकार राज्य सरकारे बरखास्त करण्याचा. १७ फेब्रुवारी १९८० ला महाराष्ट्राने तो पहिल्यांदा पाहिला. शरद पवारांचे पुलोद सरकार आणि त्याबरोबर आणखी आठ राज्यांची सरकारे एकाच वेळी गेली. न्यायालयाकडून फारशी आशा नव्हती. ती मिळाली ११ मार्च १९९४ ला, बोम्मई खटल्यात, आणि त्यातला एक पायाभूत निकाल मराठी माणसाने लिहिला : न्या. पी. बी. सावंत यांनी. मंत्रिमंडळाने राष्ट्रपतींना काय सल्ला दिला हे न्यायालय विचारू शकत नाही, असे अनुच्छेद ७४ म्हणतो. पण ज्या माहितीच्या आधारे सल्ला दिला ती न्यायालय मागू शकते, असे त्या खटल्यात ठरले. पुन्हा कागदच. बहुमत आहे की नाही याचा निर्णय राजभवनात व्हायचा नाही, सभागृहात व्हायचा. आणि संसदेने संमती देईपर्यंत विधानसभा कायमची मोडायची नाही. याच सावंतांनी पुढे निवृत्तीनंतर महाराष्ट्रातल्या मंत्र्यांवरच्या आरोपांची चौकशी करणारा आयोग चालवला, त्याच १९५२ च्या कायद्याखाली.

बोम्मईची कसोटी आपल्याच राज्यात लागली. १२ नोव्हेंबर २०१९ ला राष्ट्रपती राजवट आली. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली आणि काही वेळात राजभवनात मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. मंत्रिमंडळाची बैठक न होता राजवट उठवण्याची शिफारस गेली ती कामकाज नियमावलीच्या बाराव्या नियमाने. चव्वेचाळीस वर्षांनी नियम तोच, वेळही तशीच, लोक झोपेत असण्याची. फरक सकाळनंतर पडला. रविवारी सुट्टीच्या दिवशी सर्वोच्च न्यायालय बसले. २६ नोव्हेंबरला, संविधानदिनी, आदेश झाला : उद्या संध्याकाळी पाचपर्यंत विश्वासमत घ्या, गुप्त मतदान नको, थेट प्रक्षेपण करा. त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांचा राजीनामा आला.

दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष युन यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा खासदार कुंपणावरून चढून सभागृहात गेले आणि काही तासांत १९० विरुद्ध शून्य मतांनी तो उठवायची मागणी केली. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने अध्यक्षांना पदावरून दूर केले. कारणांत एक असेही होते की मंत्रिमंडळाची रीतसर चर्चा झाली नाही आणि कागदावर मंत्र्यांच्या प्रतिसह्या नाहीत. १९७५ च्या दिल्लीची आठवण झाल्याशिवाय ते वाचता येत नाही.

आयोगांचे पुढे काय झाले? शहा आयोगाच्या अहवालाच्या प्रती १९८० नंतर दिसेनाशा झाल्या. इरा सेझियन यांनी तो २०१० मध्ये पुन्हा छापला तेव्हा कुठे तो सहज वाचायला मिळू लागला. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरचा न्या. श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने मधेच गुंडाळला. आयोग नेमणारा तो बंदही करू शकतो, हे त्या कायद्यातले सगळ्यांत मोठे भोक आहे. चार महिन्यांनी केंद्राच्या सूचनेनंतर तो पुन्हा सुरू झाला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला. सरकारने तो मानला नाही, पण आज कोणीही तो वाचू शकतो.

आणि भिवंडी. मे १९८४ मध्ये हे शहर पुन्हा जळाले. म्हणजे मादन यांच्या साऱ्या खंडांनी १४ वर्षांत इथे काय वाचवले, असे विचारले तर उत्तर जड जाते. १९८८ मध्ये पोलिस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी वस्त्यावस्त्यांत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे, मागवाले, दुकानदार, आणि त्यांच्यासोबत बीटचा पोलिस. महिन्यामागून महिने बैठका. तक्रार आली की ती एका बाजूने लिहिली जाऊ नये, कारण दुसरी बाजू त्याच सतरंजीवर बसलेली.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये पन्नासेक किलोमीटरवर मुंबई पेटली होती. धामणकर नाक्यावरून, कल्याण नाक्यावरून बातम्या येत होत्या, अफवा त्यांच्याआधी येत होत्या. समित्यांमधली माणसे रात्र रात्र आपापल्या गल्लीच्या तोंडाशी बसून राहिली. भिवंडीत दंगल झाली नाही.